किती लांब? किती वेळ?

एटापल्लीहून मुंबई किती लांब आहे? भूगोलाच्या तासाला हा प्रश्न विचारला, तर वर्गातून दोन प्रकारची उत्तरे येतात. ज्यांच्याजवळ नकाशा आणि मोजपट्टी आहे ती मुले सेंटिमीटर मोजतात, नकाशाच्या प्रमाणाने गुणतात आणि 'पावणेआठशे किलोमीटर' असे सांगतात. ज्याचा मामा किंवा मोठा भाऊ मुंबईला जाऊन आला आहे, तो मुलगा 'एक दिवस आणि एक रात्र' असे सांगतो. पहिले उत्तर फळ्यावर लिहिले जाते. दुसऱ्याला 'अरे, अंतर विचारले, वेळ नाही' असे म्हणून खाली बसवले जाते.

आमच्या मते दुसऱ्या मुलाला खाली बसवण्याची घाई करू नये. अंतर आणि वेळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे खरेच. पण माणसाच्या इतिहासात त्या फार काळ एकच होत्या. त्या वेगळ्या कशा झाल्या, दोन दूरच्या गावांमधले सरळ अंतर मोजता कसे येऊ लागले आणि ते अंतर तेवढेच राहून प्रवासाचा वेळ कसा बदलत गेला, हे या लेखात पाहू. या कथेतल्या दोन महत्त्वाच्या घटना एटापल्लीपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या परिसरात घडल्या आहेत.

कोस आणि मजल

मराठीतला 'कोस' हा शब्द संस्कृत 'क्रोश'वरून आला. क्रोश म्हणजे हाक, ओरडणे. 'हाकेच्या अंतरावर' असे आपण आजही म्हणतो. पण हाक किती लांब ऐकू जाईल हे मोकळ्या माळावर वेगळे आणि दाट रानात वेगळे. म्हणून कोसही प्रांतोप्रांती लहानमोठा असे. साधारण दोन मैलांचा कोस धरायची पद्धत होती, पण ती सगळीकडे सारखी नव्हती.

'मजल' हा शब्द तर उघडच वेळेचा. दिवसभर चालून जिथे मुक्काम करायचा तिथपर्यंतची वाट म्हणजे एक मजल. घाट असेल तर मजल आखूड, सपाटी असेल तर लांब. चालणाऱ्याच्या दृष्टीने हे माप अगदी सोयीचे आहे. शिदोरी किती बांधायची, कुठे पाणी मिळेल, अंधार पडण्याआधी पोचू का, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. किलोमीटरमधून ती मिळत नाहीत.

मजलेत एकच उणीव होती. तिच्यावरून नकाशा काढता येत नाही. दोन गावे चार मजलांवर आहेत म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर एकमेकांपासून किती दूर आहेत, हे कळत नाही. कारण वाट नदीच्या उताराशी वळते, डोंगराला वळसा घालते. सरळ अंतर हवे असेल तर वाटेवर न चालता ते मोजण्याची युक्ती हवी.

हिंगणघाटची कबर

ही युक्ती म्हणजे शाळेत शिकवला जाणारा त्रिकोण. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू काढता येतात. म्हणजे जमिनीवर एकच रेषा प्रत्यक्ष मोजायची, पुढे फक्त कोन मोजत जायचे. प्रत्येक नव्या त्रिकोणाची एक बाजू आधीच्या त्रिकोणाकडून मिळते. मधली दरी, नदी, जंगल ओलांडून साखळीने मोजत बसावे लागत नाही. एका टेकडीवरून दुसरी टेकडी दिसली म्हणजे पुरे.

विल्यम लॅम्ब्टन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी अशी एक आधाररेषा मोजायला सुरुवात केली. शंभर फुटांची पोलादी साखळी घेऊन सुमारे साडेसात मैलांची, म्हणजे बारा किलोमीटरची रेषा मोजायला ५७ दिवस लागले. उन्हात साखळी लांबते, म्हणून तापमानाची नोंद ठेवून दुरुस्ती केली गेली. कोन मोजण्याचे त्यांचे मोठे थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे होते. ते टेकड्यांवर, कधी देवळांच्या गोपुरांवर चढवायचे आणि दूरच्या खुणेवर रोखायचे, असे काम वर्षानुवर्षे चालले. दक्षिणेकडून ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास त्रिकोणांची एक माळ उत्तरेकडे सरकत गेली.

ही माळ विदर्भाच्या दिशेने येत असताना लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरला निघाले आणि वाटेत हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. एटापल्लीपासून ती सरळ रेषेत सुमारे १८० कि.मी. अंतरावर आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हाती घेतले आणि १८४१ पर्यंत माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. एकूण लांबी सुमारे २४०० कि.मी.

हे काम नुसते गणिताचे नव्हते. एव्हरेस्ट लॅम्ब्टन यांचे मदतनीस असताना, १८१९ मध्ये, कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधल्या जंगलात गेले होते. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे गोदावरीकाठाने पसरलेला हा वनपट्टा. पावसाळ्यात त्यांच्यासह पथकातले बहुतेक लोक तापाने आजारी पडले. त्यांना परत हैदराबादला न्यावे लागले आणि काही जण वाटेतच दगावले. आपण नकाशावर मोजपट्टी ठेवून क्षणात जे अंतर वाचतो, त्यामागे खुणेचे झेंडे धरणारे, रान तोडणारे, ओझी वाहणारे असे असंख्य लोक होते. त्यांची नावे कुठल्याही नकाशावर नाहीत.

घड्याळाने मोजलेले अंतर

त्रिकोणांची माळ जिथे पोचली नाही तिथे काय करायचे? तिथे आकाशाची मदत घ्यावी लागे. अक्षांश काढणे सोपे: ध्रुवतारा क्षितिजाच्या जितके अंश वर, साधारण तितकाच अक्षांश. रेखांश काढणे अवघड, कारण त्यासाठी दोन ठिकाणच्या वेळेतला फरक कळावा लागतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. दोन गावांच्या मध्यान्हांमध्ये किती मिनिटांचे अंतर आहे हे कळले की रेखांशातला फरक कळला. म्हणजे अंतर शोधायला पुन्हा वेळच उपयोगी पडली. फक्त ही वेळ प्रवासाची नव्हे, सूर्याची.

हा प्रयोग शाळेत करता येतो. एटापल्ली सुमारे १९.६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ८०.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबई १९.० अंश उत्तर आणि ७२.८५ अंश पूर्व. दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर असल्याने गणित फार सोपे होते. मुंबईतल्या एखाद्या शाळेशी पत्राने किंवा फोनने ठरवून एकाच दिवशी दोन्ही शाळांच्या मैदानात एकेक सरळ काठी उभी करावी. अकरापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खुणेने नोंदवावे आणि सावली सर्वांत आखूड कधी झाली ते घड्याळात पाहावे. घड्याळे आधी आकाशवाणीच्या वेळेशी किंवा मोबाइलशी जुळवून घ्यावीत.

एटापल्लीचा मध्यान्ह मुंबईच्या सुमारे २९ मिनिटे आधी येईल. बरोबर आकडा २९.४ मिनिटे. त्याला ४ ने भागले की ७.३५ अंश. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०५ कि.मी., कारण विषुववृत्तावरच्या १११ कि.मी.ला अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते. ७.३५ × १०५ म्हणजे सुमारे ७७२ कि.मी. हे झाले पूर्व-पश्चिम अंतर. उत्तर-दक्षिण फरक ०.६ अंश, म्हणजे सुमारे ६७ कि.मी. पायथागोरसच्या नियमाने दोन्ही मिळवले की ७७५ कि.मी. येतात. मुलांनी नकाशावर मोजलेले अंतर तेवढेच असेल!

सावलीची वेळ ठरवताना एका मिनिटाची चूक झाली, तर उत्तरात सुमारे २६ कि.मी.ची चूक होते. ही गोष्ट मुलांना मुद्दाम दाखवावी. कोणत्याही मापाबरोबर त्यातली संभाव्य चूक सांगायची सवय शाळेतच लागली तर बरे.

प्रत्येक गावाची आपली वेगळी वेळ असते ही गोष्ट एकेकाळी व्यवहारातही होती. सगळ्या देशासाठी ८२.५ अंश रेखांशावरची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली, पण मुंबईने आपली सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

पृथ्वीच्या गोलावरचा दोरा

७७५ कि.मी.सारख्या अंतरासाठी पायथागोरस चालतो. हजारो कि.मी.साठी चालत नाही, कारण पृथ्वी गोल आहे. गोलावर दोन बिंदूंमधली सर्वांत आखूड वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस. पृथ्वीचा केंद्रबिंदू आणि ती दोन गावे यांतून जाणारी पातळी गोलाला जिथे कापते, ती ही वाट. विमानांच्या बाबतीत 'हवाई अंतर' म्हणतात ते हेच.

शाळेतल्या पृथ्वीगोलावर एक दोरा मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये ताणून धरा. भिंतीवरच्या सपाट नकाशात या दोन शहरांना जोडणारी रेघ अरबस्तान, आफ्रिकेचे वाळवंट आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. गोलावर ताणलेला दोरा मात्र मुंबईहून वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकतो आणि आइसलंडजवळ ६५ अंश अक्षांशाच्या आसपास पोचून मग खाली वळतो. त्याची लांबी सुमारे साडेबारा हजार कि.मी. आहे. सपाट नकाशावर वाकडी दिसणारी वाटच खरी सरळ आहे, हे मुलांना दोऱ्याशिवाय पटत नाही.

रात्रीचे नागपूर

आता दुसरी घटना. जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दळणवळणमंत्री होते रफी अहमद किडवाई. दिल्ली, मुंबई, कलकत्ता (आजचे कोलकाता) आणि मद्रास (आजचे चेन्नई) या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्या एका विमानातून दुसऱ्यात जात आणि विमाने पुन्हा उडत. संध्याकाळी मद्रासला पेटीत पडलेले पत्र सकाळी दिल्लीला पोचलेले असे. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजनाही सुरू झाली.

नागपूरच का? यात शाळेच्या भूमितीतला एक सुंदर सिद्धांत दडला आहे. चार शहरे म्हणजे एका चौकोनाचे चार शिरोबिंदू समजा. चारही शिरोबिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कमीत कमी व्हावी असा बिंदू कोणता? उत्तर: चौकोनाचे दोन कर्ण जिथे छेदतात तो. सिद्धता दोन ओळींची आहे. दुसरा कोणताही बिंदू घेतला, तर त्याच्यापासून दिल्ली आणि मद्रास यांच्या अंतरांची बेरीज दिल्ली-मद्रास या कर्णापेक्षा कमी होऊ शकत नाही, कारण त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते. मुंबई आणि कलकत्ता यांच्याबाबतही तेच. कर्णांच्या छेदबिंदूवरच दोन्ही बेरजा एकदम कमीत कमी होतात.

आता आकडे पाहा. आम्ही अक्षांश-रेखांशांवरून काढलेली ही अंतरे पाच कि.मी.च्या पटीत दिली आहेत. नागपूरपासून मुंबई ६८५ कि.मी., दिल्ली ८५५, कलकत्ता ९८५ आणि मद्रास ९१०. एकूण ३४३५. दिल्ली-मद्रास हा कर्ण १७६० कि.मी. आणि मुंबई-कलकत्ता हा कर्ण १६६५. एकूण ३४२५. म्हणजे भूमितीने शोधलेल्या सर्वोत्तम जागेपेक्षा नागपूरमुळे फक्त दहाएक किलोमीटर जास्त पडतात! योजना आखणाऱ्यांनी हा सिद्धांत मांडून नागपूर निवडले असे आम्हांला म्हणायचे नाही. नकाशा समोर ठेवला की ते दिसतेच. पण जे नजरेला दिसते ते सिद्ध करता येते, हे गणिताच्या शिक्षकांनी जरूर दाखवावे.

प्रत्येक शहर प्रत्येक शहराला थेट जोडायचे ठरवले असते तर? चार शहरांच्या सहा जोड्या होतात. दोन कर्णांखेरीज मुंबई-मद्रास १०३५, दिल्ली-कलकत्ता १३१५, दिल्ली-मुंबई ११४० आणि कलकत्ता-मद्रास १३८५ कि.मी. सगळे मिळून ८३०० कि.मी. नागपूरच्या योजनेत ३४३५. म्हणजे निम्म्याहून कमी उड्डाणात सहाही जोड्यांचे टपाल एका रात्रीत पोचे. काही पत्रांना मात्र लांबचा फेरा पडे. मुंबईचे मद्रासला जाणारे पत्र १०३५ ऐवजी १५९५ कि.मी. फिरून जाई. पण ते रात्री, माणसे झोपलेली असताना फिरे. सकाळी ते हातात पडल्यावर त्याने किती फेरा घेतला याच्याशी कोणाला कर्तव्य नसे. अंतर वाढवून वेळ वाचवणारी ही व्यवस्था होती. अमेरिकेत फेडरल एक्सप्रेस या कंपनीने मेम्फिस शहर केंद्र धरून रात्रीची पार्सलसेवा १९७३ मध्ये सुरू केली, तिचे तत्त्व हेच होते.

वेळेचे गणितही जमणारे होते. त्या काळची डाकोटा विमाने तासाला साधारण २७० कि.मी. वेगाने जात असे धरले, तर मुंबईहून नागपूरला अडीच तास आणि कलकत्त्याहून पावणेचार तासांच्या आत. सगळ्यांत जवळच्या आणि सगळ्यांत दूरच्या शहरात तास-सव्वातासाचाच फरक. त्यामुळे कोणत्याही विमानाला दुसऱ्याची फार वेळ वाट पाहावी लागत नसे.

या वेगाची किंमतही होती. अंधारात, आजच्यासारखी साधने नसताना ही उड्डाणे होत. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नागपूरहून मद्रासकडे निघालेले डाकोटा विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि प्रवासी व कर्मचारी मिळून १३ जण मरण पावले. एक वैमानिक तेवढा वाचला.

नागपूरच्या पुढे दोनशे किलोमीटर

आता नकाशावर नागपूरहून आग्नेयेकडे बोट सरकवू. एटापल्ली नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे २०० कि.मी. म्हणजे वर दिलेल्या चारही अंतरांपेक्षा कितीतरी कमी. डाकोटाला पाऊण तास लागला असता. रस्त्याने मात्र गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असे जवळपास ३०० कि.मी. होतात. आज पक्क्या सडकेवरूनही त्यात दिवसाचा मोठा भाग जातो. रेल्वे दूरच राहिली; एटापल्लीकरांना गाडी धरायची तर बल्लारशा, नाहीतर वडसा गाठावे लागते. या भागापुरता १९४९ च्या योजनेचा हिशेब मांडला, तर मद्रास दिल्लीच्या एका रात्रीवर आले. पण नागपूर आणि एटापल्ली यांच्यातला वेळ त्या विमानांमुळे मिनिटभरही कमी झाला नाही.

सरळ अंतराला रस्त्याच्या अंतराने भागले तर वाटेचा सरळपणा कळतो. इथे २०० भागिले ३००, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश. वेळेसाठीही असाच हिशेब करता येतो. मुंबईला निघालेला माणूस एस.टी., रेल्वे आणि मधले थांबणे धरून २४ तासांत पोचला, तर सरळ रेषेतला त्याचा वेग तासाला ३२ कि.मी. पडतो. यातले बरेच तास गाडीत बसण्याचे नसून गाडीची वाट पाहण्याचे असतात. म्हणून विमानाचा किंवा गाडीचा कमाल वेग सांगून प्रवासाचा वेळ सांगता येत नाही.

मुंबईहून लंडन

जगातही हेच घडले आहे. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७२०० कि.मी.; ते शिवाजी महाराजांच्या काळातही तेवढेच होते. आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने सुमारे १९,८०० कि.मी. पडत आणि त्यात महिने जात. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाल्यावर सागरी वाट सुमारे ११,६०० कि.मी. झाली आणि वाफेच्या जहाजाने काही आठवड्यांत पोचता येऊ लागले. ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची हवाई टपाल सुरू झाले. त्याला आठवडा लागे आणि मधला एक टप्पा चक्क रेल्वेने होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन विमान आणले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आज न थांबता जाणारी विमाने हे अंतर नऊ-दहा तासांत कापतात.

यात दोन गोष्टी मुलांना विचारण्याजोग्या आहेत. पहिली, जाण्यायेण्याचा वेळ सारखा का नसतो? उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वारे वाहतात. लंडनकडे जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात, म्हणून परतीचा प्रवास साधारण तासाभराने लवकर होतो. जमिनीवरचे अंतर तेच; हवा मात्र स्थिर नाही. दुसरी गोष्ट, २०१९ मध्ये पाकिस्तानने काही महिने आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणारी विमाने वळसा घालून जाऊ लागली. शहरे जागची हलली नव्हती, विमाने तीच होती. तरी प्रवास लांबला.

भामरागडच्या वाटेवर पर्लकोटा नदीला पूर आला की हेच होत आले आहे. उन्हाळ्यात जिथे तास-दीड तासात जाता येते, तिथे पावसाळ्यात एकेकदा दिवसचे दिवस जाता येत नाही. निवडणुकीच्या वेळी दुर्गम मतदानकेंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने पोचवले जातात, तेव्हा वाटेचा प्रश्नच मिटतो आणि उरते ते निव्वळ हवाई अंतर. ते तर किरकोळ असते. पण साप चावलेल्या माणसाला खाटेवर घालून नेणाऱ्यांना ते अंतर उपलब्ध नसते. त्यांना उपलब्ध असते ती वाट, आणि ती कोणत्या ऋतूत किती वेळाची आहे हेच त्या माणसाच्या दृष्टीने खरे अंतर.

वेळेचा नकाशा

शिक्षणहक्काच्या कायद्याखालच्या (२००९) नियमांनी शाळा किती जवळ असावी याचे माप घालून दिले: पहिली ते पाचवीसाठी एक कि.मी., सहावी ते आठवीसाठी तीन कि.मी., तेही चालत जाण्याच्या अंतरात. केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत आणखी एक कलम आहे. जिथे वाट अवघड आहे, पुराचा किंवा दरड कोसळण्याचा धोका आहे, तिथे ही मर्यादा कमी करून मुलांना तो धोका टळेल अशी शाळेची जागा ठरवावी. हे कलम फार थोड्यांना माहीत असते. नकाशावर दोन टोल्यांमध्ये आठशे मीटरची सरळ रेघ काढली की नियम पाळल्यासारखा दिसतो. मध्ये नाला असेल आणि तो श्रावणात छातीभर पाण्याने वाहत असेल, तर ते त्या रेघेत दिसत नाही.

ते दिसावे म्हणून एक वेगळा नकाशा काढता येतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८१ मध्ये जगाचा असा नकाशा प्रसिद्ध केला होता. लंडनहून निघून किती दिवसांत कुठे पोचता येते हे त्यात दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांनी रंगवून दाखवले होते. सारख्या वेळाच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषांना समवेळ रेषा म्हणू.

आपल्या शाळेभोवतीचा असा नकाशा सातवी-आठवीची मुले दोन महिन्यांत करू शकतील. शाळा मध्यबिंदू धरावी. प्रत्येक मुलाने घरून शाळेत, आठवडी बाजारात, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात आणि बसथांब्यावर पोचायला लागलेला वेळ घड्याळ पाहून लिहावा. एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये. ओझे नसताना आणि ओझे असताना चालण्यात फरक पडतो, तोही नोंदवावा. वाट बंद होती ते दिवस वेगळे मोजावे. मग पंधरा मिनिटे, अर्धा तास, एक तास, दोन तास अशा समवेळ रेषा काढाव्या. अंतराचा नकाशा काढला असता तर त्या रेषांच्या जागी गोल वर्तुळे आली असती. इथे वाकडेतिकडे आकार येतील. रेषा जिथे शाळेकडे आत ओढल्या गेल्या असतील, तिथे नाला, चढ किंवा दाट रान असणार. मे आणि ऑगस्टच्या आकारांत जिथे सर्वांत जास्त फरक पडेल, तिथे पूल किंवा निदान एक साकव हवा आहे.

लॅम्ब्टन यांच्या पथकाने जे केले त्याच जातीचे हे काम आहे: नीट मोजणे, पुन्हा मोजणे, चूक किती असू शकते ते लिहिणे. फरक एवढाच, की इथे मोजणाऱ्यांची नावे नकाशावर लिहिता येतील. हा नकाशा तयार झाला की त्याची एक प्रत शाळेत ठेवावी आणि दुसरी ग्रामसभेपुढे मांडावी. शाळा कुठे असावी, आरोग्य उपकेंद्र कुठे असावे याची चर्चा निघेल तेव्हा किलोमीटरचे आकडे सरकारी कागदांवर आधीच असतील. मिनिटांचे आकडे मात्र आपल्या मुलांनी मोजले तरच तिथे येतील.